टाकीखालच्या सात जणी

दार ढकललं तेव्हा आधी दह्याचा वास आला. मग कुंकू दिसलं.

भिंतीकडच्या कट्ट्यावर आमचे सात डबे ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या माथ्यावर हळदकुंकू, गळ्यात हिरव्या बांगड्या, पुढ्यात लिंबू, आणि मधलीला जरा जास्त मान म्हणून खण. अंगावरून दही ओघळून खालच्या वायरींच्या जोडांत शिरलं होतं. शेजारी आमचा सेट लाल दिवा लावून, पंखा गरगरवत, कुणीही बोलत नसताना साऱ्या मुलखाशी बोलत होता.

डॉ. मुतालिकांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. डबे तसेच होते.

"देशिंगकर," ते म्हणाले, "यांना कुणीतरी आंघोळ घातलीय."

मी घड्याळ बघितलं. वायरलेस खात्याचे निरीक्षक साळवेकर दुपारी येणार होते. त्यांचा फोन परवा आला होता. आवाज अत्यंत सभ्य, म्हणून जास्तच भीतिदायक. पोलिसांच्या बिनतारी संदेशांमध्ये गेले काही दिवस कुणीतरी किंकाळी मारल्यासारखा आवाज येत होता आणि तो तळसांगवीच्या डोंगरावरून येतो असं त्यांच्या यंत्रांनी दाखवलं होतं. आज, शुक्रवारी, ते स्वतः येऊन सेट चालू करून बघणार. स्वच्छ चालला तर ठीक. नाही तर सेट सील, परवाना रद्द, आणि ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्यावर खटल्याची शिफारस.

परवाना माझ्या नावावर होता. कुणाच्या नावावर घ्यायचा हे ठरवायला आमच्या हौशी वायरलेस क्लबाची बैठक झाली होती, आणि त्या बैठकीला मी उशिरा पोचलो होतो. मी अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. प्राचार्यांना मी घडलेलं सांगितलं तेव्हा त्यांनी मला चहा पाजला आणि खटला झाला तर निलंबनाच्या आदेशावर आपल्यालाच सही करावी लागेल याचं दुःख व्यक्त केलं. घरी मी यातलं काहीच बोललो नव्हतो. घराचे हप्ते चालू होते आणि बायकोला वायरलेस आधीच आवडत नव्हता.

आमचा रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेला एक चोंबडा सेट. खालून कुणी काही पुटपुटलं की तेच तो मोठ्याने सगळ्या जिल्ह्याला सांगतो. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी, एकाच अँटेनावर. स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानात जाऊ नये म्हणून मध्ये हे गाळणीचे डबे लागतात. माणसांत अशी सोय नसते, त्यामुळे आमच्या बैठका लांबत.

डबे मिळाले ते एका साखर कारखान्याच्या भंगारातून. उसाच्या ट्रकना हाका मारायला त्यांनी कधीकाळी वायरलेस बसवला होता. तो निकामी ठरवून गंजलेल्या जाळ्यांबरोबर वजनावर विकला, आणि आम्ही, म्हणजे एक दंतवैद्य, एक प्राध्यापक आणि उरलेले सल्लागार, ते घरी आणून महिनाभर त्यांच्याकडे नुसते प्रेमाने बघत बसलो. कारखान्याचे डबे कारखान्याच्या लहरींना जुळवलेले. आमच्या लहरींना आणायचे तर आतली दांडी लांब करावी लागते. मुतालिकांनी पडद्याच्या पितळी नळ्या जोडून दांड्या लांब केल्या आणि जुळवणी हलू नये म्हणून प्रत्येक डब्याच्या माथ्यावर, स्क्रूवर, वहिनींच्या नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका दिला. नियमाने सहा डबे पुरतात. पण समोरच्या डोंगरावर पेजरवाल्यांचा मनोरा होता, त्याचा त्रास नको म्हणून मुतालिकांनी सातवा लावला.

सहावर थांबले असते तर माझी झोप उडाली नसती. पाण्याच्या टाकीखालची ओलसर खोली, ओळीने सात, आणि प्रत्येकीच्या माथी लाल ठिपका. आपल्याकडे एवढं बघितल्यावर कुणालाही ओळख विचारावी लागत नाही. साती आसरा. पाण्याच्या देवी. कृपा झाली तर लेकरं सांभाळतात, कोप झाला तर नेतात.

आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही वर्षभर तिकडे फिरकलोच नव्हतो. चालू सेटला हात लावायचा नाही, हा आमच्या छंदातला एकमेव धर्म. सेट बसवला, दाराला भक्कम कुलूप घातलं, एक चावी मुतालिकांकडे, एक पंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या संपतकडे, आणि निघून आलो. खोली पंचायतीची होती. सरपंचांनी ती आनंदाने दिली होती. त्यांच्या आनंदाचं कारण मी तेव्हा विचारलं नाही.

मुतालिकांनी सेट बंद केला आणि दातांत हवा मारायची पिचकारी बाहेर काढली. जोड सुकवायचे, डबे पुसायचे, परत जुळवायचे, सगळं मिळून दुपारपर्यंत होईल असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पहिल्या डब्याच्या बांगडीला हात घातला आणि मागून आवाज आला.

"आंघोळी करून आलाय न्हवं?"

दारात एक साठीच्या बाई उभ्या होत्या. काखेत हंडा, हातात फुलांची पाटी. मागे आणखी चार-पाच जणी, त्यांच्याही काखेत हंडे. पुढच्या बाईंचं नाव तानूबाई शेलार, टाकीच्या लगतच्या वरच्या वाडीतल्या, हे नंतर कळलं.

"मी डॉक्टर आहे," मुतालिक म्हणाले.

"ते झालं. आंघोळ?"

मुतालिकांनी बांगडी सोडली. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि ते चांगलं समजावतात. दात काढायच्या आधीही ते समजावतात. हे देव नाहीत, गाळण्या आहेत, आत फक्त पितळी दांडी आणि हवा आहे, साखर कारखान्यातून टेम्पोत घालून आणल्यात. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुणी वाद घातला नाही, हे मला बरं वाटलं नाही.

"आसरा कशातनंबी येत्यात," तानूबाई म्हणाल्या. "आमच्या थोरल्या आसरा व्हाळातनं आल्या. ह्या टेम्पोतनं आल्या."

आणि त्या दारातच बसल्या. बाकीच्याही बसल्या. आरडाओरडा नाही, अडवणूक नाही, फक्त उंबऱ्यावर सहा बायका. शुक्रवारी देवीपुढून बायकांना उठवायला आमच्या भागात मंत्रीही धजत नाही, आणि आम्ही तर बिनपगारी हौशी.

मुतालिक मला कोपऱ्यात घेऊन इंग्रजीत म्हणाले की आपण सरळ पुसायला लागू, या काय करतील. मी त्यांना मराठीत म्हटलं की काही करणार नाहीत, पण आपण गेल्यावर पुन्हा दही घालतील, आणि पुढच्या महिन्यात साळवेकर पुन्हा येतील. आज सेट चालून भागणार नव्हतं. तो उद्याही चालायला हवा होता, आणि त्यासाठी या बायकांचा होकार हवा होता.

निरीक्षक यायचे असले की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "मावशी, मग त्यांनाच विचारू. कौल लावू."

मुतालिकांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं ते फक्त गुटखा खाणाऱ्या पेशंटकडे बघतात. पण तानूबाईंना पटलं. त्या उठल्या, मधल्या डब्यावर उजवीकडे एक पांढरं फूल चिकटवलं, डावीकडे एक, आणि मोठ्याने विचारलं की हे दोघे तुमचं अंग उघडणार म्हणतात, उघडू द्यायचं का. उजवं पडलं तर हो. डावं पडलं तर आम्ही दोघांनी आल्या वाटेने जायचं.

फुलं पडेनात.

एरवी पाण्याने चिकटवलेलं फूल वाळलं की पडतं. इथे खाली दही होतं, आणि दही हा उत्तम डिंक आहे. आम्ही बसून राहिलो. मुतालिक पिचकारीने नकळत हवा मारत होते. मी त्यांचा हात धरला, कारण हवा डाव्या फुलाकडे जात होती. खिडकीच्या गजांतून घाटाचा रस्ता दिसायचा. त्यावर कुठे जीपची धूळ उठते का हे मी बघत होतो, आणि प्रत्येक वेळी एसटीच निघत होती. निलंबनाच्या काळात अर्धा पगार मिळतो असं कुणीतरी सांगितलं होतं. अर्ध्या पगारात हप्ता जाऊन काय उरतं याचं उत्तर मला येत होतं. शेवटी तो माझाच विषय.

कुठे बघावं कळेना म्हणून मी खोली बघायला लागलो. डब्यांच्या मागे, सातव्याच्या आडोशाला, भिंतीतून दोन पाइप निघत होते. एक खाली गावाकडे जाणारा जाडा, एक दाराबाहेरच्या नळावरून वरच्या वाडीकडे जाणारा बारका. दोन्हींवर व्हॉल्व्हची लोखंडी चाकं. जाड्या पाइपाच्या चाकावर कोळ्याचं जाळं होतं, ते कायमचं उघडं. बारक्याचं चाक मात्र हातांनी घासून चांदीसारखं झालं होतं. त्याच्या दांड्याला एक हिरवी बांगडी बांधलेली. खालची जमीन ओली.

मी दाराबाहेर बघितलं. सहा बायका आत होत्या आणि बाहेर वीसेक हंडे रांगेत. देवदर्शनाला माणसं नारळ आणतात.

"मावशी," मी विचारलं, "आमचं कुलूप लागायच्या आधी वाडीला पाणी कोण सोडायचं?"

तानूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"आमीच," त्या म्हणाल्या. "दाराला दोरी हुती निस्ती. दुपारच्याला यायचं, चाक फिरवायचं, हंडं भरलं की बंद करायचं."

मग बाकीचं हळूहळू निघालं, एकीने सुरुवात करायची आणि दुसरीने संपवायचं असं. आमचं कुलूप लागलं आणि संपतला कारण मिळालं. साहेबांची लाखाची मशिनं हायती, दार उघडता येत न्हाय. वाडीचं पाणी वाचलं ते सरपंचांच्या डाळिंबाला गेलं. बायका खालच्या विहिरीवर उतरायला लागल्या, भरला हंडा घेऊन डोंगर चढायला लागल्या. अर्ज केला, त्याचं काही झालं नाही. मग एके दिवशी खिडकीच्या गजांतून तानूबाईंना सात जणी दिसल्या. संपत सरपंचांना भितो, पण आसरांना त्याहून जास्त भितो. मंगळवारी आणि शुक्रवारी दार उघडायला लागलं. आसरांना साचलेलं पाणी चालत नाही, वाहतं लागतं, म्हणून चाकही फिरवायला लागलं. अभिषेक जितका लांबेल तितकं पाणी.

"म्हणजे दही," मुतालिक सावकाश म्हणाले, "वेळ काढायला?"

"दही उतरत न्हाय लवकर," एक तरुण बाई म्हणाली. "धुवायला पानी लई लागतं."

मुतालिकांनी हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असल्याचं मान्य केलं.

मग मी विचारलं की आसरांचं म्हणणं तरी काय आहे. तानूबाईंनी मधल्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "दार."

माझी पंचाईत अशी की परवान्याची अट बरोबर उलटी होती. सेट कायम कुलपात असला पाहिजे. दार उघडं सापडलं तरी परवाना जाणार. दार बंद ठेवलं तर दही परत येणार. कुलूप हवं आणि उघडायलाही हवं. मी अर्थशास्त्र शिकवतो. तिथे अशा वेळी फळ्यावर दोन रेषा काढतात आणि त्या जिथे छेदतात तिथे बोट ठेवतात. सकाळी कुलूप मीच काढलं होतं; मी खिशातून मुतालिकांची चावी काढली.

"कुलूप राहील," मी म्हटलं. "ही तुमच्याकडे. पण दही-पाणी डब्यांवर नाही, बाहेरच्या दगडावर. कुंकू चालेल."

मुतालिकांनी कुंकवाला फक्त झाकणापुरती परवानगी दिली. तानूबाईंनी चावी बघितली, उलटी करून बघितली, कनवटीला लावली. मग मधल्या डब्यापाशी गेल्या आणि उजवं फूल आपल्या हाताने उचलून घेतलं.

"दिला," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचं काम ज्या घाईने केलं तेवढ्या घाईने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही, लग्न धरून. बायकांनी बांगड्या उतरवल्या, डबे कोरडे पुसले. मुतालिक जोडांत पिचकारी मारत होते, मी मीटरचा काटा वाचत होतो. सहावा डबा जुळला तेव्हा खाली जीप थांबली. सातवा जुळेना. साळवेकरांची पावलं खडीवर वाजायला लागली तेव्हा काटा हळूच खाली बसला. मुतालिकांनी ठिपका द्यायला नेलपॉलिश शोधली, ती घरी राहिली होती. एका बाईने पुढे होऊन तिथे कुंकू टेकवलं.

साळवेकर बारीक, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांच्याबरोबर संपतही वर आला होता. साळवेकरांनी सेट चालू केला, स्वतःच्या हातातल्या यंत्रावर पोलिसांची लहर लावली आणि ऐकत राहिले. यंत्रातून एक हवालदार दुसऱ्या हवालदाराला जेवलास का विचारत होता, अगदी स्वच्छ.

ते पुरेसं व्हायला हरकत नव्हती. पण ते कुंकवाकडे बघत होते. मग बायकांकडे. मग दाराकडे.

"कुलपाची चावी कुणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

संपतने खिशात हात घातला आणि म्हणाला की एक माझ्याकडे, आणि सरपंचांनी सांगितलंय की दुसरीही आजपासून पंचायतीतच ठेवायची, या बाया फार आत-बाहेर करतात.

आता मी काय बोलतो यावर सगळं होतं. पंचायतीला नाही म्हणावं तर खोली जाणार, खोली गेली तर रिपीटर गेला. हो म्हणावं तर तानूबाईंची कनवटी तिथेच, दोन हातांवर होती.

"चावी वायरलेस स्टेशनच्या राखणदाराकडे असते," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला. "या तानूबाई शेलार. मी नेमलंय त्यांना."

साळवेकरांनी तानूबाईंकडे बघितलं. तानूबाईंनी त्यांच्याकडे. कुणीच नजर खाली घेतली नाही.

"जबाबदारी तुमची," ते मला म्हणाले. "उद्या इथे काही झालं तर पहिलं नाव तुमचं येईल. समजलंय ना?"

मी समजलंय म्हटलं.

मग ते संपतकडे वळले. "आणि तुम्ही कोण? तुमची नेमणूक कुणी केली? परवानाधारकाने नेमलेल्या माणसाशिवाय वायरलेसच्या खोलीची चावी कुणाकडेही असू शकत नाही. पंचायतीकडेही नाही. इकडे द्या ती."

त्यांनी ती घेतली आणि तानूबाईंच्या हातात ठेवली. कायदा इतक्या सरळ चालताना मी आधी बघितला नव्हता, नंतरही नाही. संपत म्हणाला की मग पाणी कोण सोडणार. साळवेकर म्हणाले की तो विषय त्यांच्या खात्याकडे येत नाही.

पुढच्या महिन्यात सरपंचांनी आम्हाला खोली खाली करायला सांगितली. आम्ही लगेच तयार झालो. पण सात जणींना हलवायचं तर कौल लागतो, आणि कौल लावणार कोण, तर तानूबाई. त्यांनी तीनदा लावला. सरपंचांसमोर लावला. आसरा काही हलायला तयार झाल्या नाहीत. रिपीटर अजून तिथेच आहे.

ही हकिगत मी क्लबात सांगितली आहे, स्टाफरूममध्ये सांगितली आहे, प्राचार्यांच्या निरोप समारंभात तर माईकवरून. ती सरपंचांपाशी संपते आणि लोक पोट धरून हसतात. मुतालिकही हसतात. आम्ही दोघे ती तिथेच संपवतो.

त्या दिवशी साळवेकरांची जीप उतरून गेली, संपत गेला, बायका हंडे भरून वाडीकडे निघाल्या. मुतालिक बाहेर झाडाखाली जेवणाचा डबा उघडून बसले. माझा चष्मा आत राहिला होता म्हणून मी परतलो. गड जिंकल्यासारखा चाललो होतो. पेच सुटला होता. देवी म्हणजे नुसती युक्ती होती हे मला कळलं होतं, आणि ज्यांना कळतं त्यांच्यात आपण आहोत याचा आनंद वेगळाच असतो.

दार अर्धं लोटलेलं होतं. आत तानूबाई एकट्याच होत्या, जमिनीवर, कपाळ कट्ट्याला टेकवून. मी आलेलं त्यांना कळलं नाही. त्या बोलत होत्या, हलक्या आवाजात, घरातल्या थोरल्या माणसांशी बोलावं तसं.

"कमळीला पुन्यांदा दिवस गेल्यात," त्या सांगत होत्या. "मागल्या बारीचं तुमाला ठावं हाय. दार लागलं आन् ती पोटुशी हंडा घिऊन हिरीवर उतरली. त्यात तुमचा दोस न्हवता. सुनंचा बी न्हवता. आता चावी माज्यापाशी हाय. ह्या बारीला ती उतरायची न्हाय. म्होरलं तेवढं तुमी बघा."

बारक्या पाइपातून पाणी वाडीकडे जात होतं, त्याचा आवाज येत होता. सेटच्या पंख्याचाही.

मुतालिक मागून आले. त्यांना सातव्या डब्याचं शेवटचं रीडिंग घ्यायचं होतं. मी हाताने थांबवलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, थोडं ऐकलं, आणि पिचकारी खिशात घातली. मग आम्ही दोघेही त्या उठेपर्यंत बाहेर उन्हात उभे राहिलो.